फ्रेंच गाणी ऐकायला रेडिओ कोणता? (आणि रविवारी रात्री हरवलेलं एक गाणं)

सुमेधा_कोथरूड (सोमवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज गरज पडली म्हणून धागा काढतेय.

अकरावी-बारावीला मी फ्रेंच घेतलं होतं. का, तर संस्कृतला पाठांतर जास्त आणि फ्रेंचला मार्क पडतात, असं क्लासच्या बाईंनी आईला सांगितलं म्हणून. मार्क पडलेही, शंभरात ९२. त्यानंतर दहा वर्षं त्या भाषेकडे ढुंकून पाहिलं नाही. २०१९ मध्ये ऑफिसात एका फ्रेंच गिऱ्हाइकाचं काम आलं. "तुझ्या बायोडेटावर फ्रेंच आहे ना" म्हणून मला कॉलवर बसवलं. अर्ध्या तासात 'बोंज्यूर' आणि 'मेर्सी' सोडून एक अक्षर कळलं नाही. सगळे बघतायत आणि मी वहीत काहीतरी लिहिल्यासारखं करतेय.

कान तयार व्हावा म्हणून मैत्रिणीने पॅरिसचं 'फिप' हे स्टेशन फोनवर लावून दिलं. नोव्हेंबरचा शेवट होता. दिवसच्या दिवस नुसती गाणी, मधूनमधून एका बाईचं एकच निवेदन, त्याच शब्दांत. सहाव्या-सातव्या वेळी 'ग्रेव्ह' हा शब्द हाताला लागला. डिक्शनरी काढली: संप. रेडिओवालेच संपावर होते! मला सबंध कळलेलं पहिलं फ्रेंच वाक्य हे असं: संपामुळे आम्ही नेहमीचे कार्यक्रम देऊ शकत नाही, क्षमस्व.

तेव्हापासून स्वयंपाक करताना, इस्त्री करताना फिप चालूच असतो. आता दोन प्रश्न:

पहिला, फिपवर जगातलं सगळं लागतं. जॅझ काय, आफ्रिकन काय, मध्येच एकदा पं. रविशंकर. मला जास्त करून फ्रेंच गाणी हवी आहेत, जुनी आणि नवी. भारतात लागेल आणि जाहिराती कमी असतील असं काही आहे का?

दुसरा, काल रविवारी रात्री ११:४० च्या सुमारास फराळाचे डबे घासताना एक गाणं लागलं. थकलेला, खालच्या पट्टीतला बाईचा आवाज, मागे गिटार. हात साबणाचे, फोन लांब. मला ऐकू आलं ते 'सोदा… सोदा…' असं काहीतरी, पुन्हा पुन्हा. फिपच्या साइटवर कोणत्या वेळी काय लागलं त्याची यादी असते. पॅरिस आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे, म्हणून ८:१० च्या आसपास शोधलं. तिथे कुठलासा सॅक्सोफोनवाला. कुणाला सुचतंय का काही?

लहरखोर (सोमवार, रात्री १०:२५)

सुमेधाताई, कुठली खपली काढलीत!

मी मिरजेचा. घरी फिलिप्सचा रेडिओ, त्यावर आजीने विणलेलं झाकण. १९८६-८७ ची गोष्ट, मी दहावीला. रात्री शॉर्टवेव्हवर काटा केसाएवढा केसाएवढा सरकवत गेलं की आधी मॉस्को, मग बीजिंग, आणि मधल्या खरखरीतून कुठूनतरी अकॉर्डियन यायचा. ते आरएफआय, म्हणजे फ्रान्सची परदेशातल्या श्रोत्यांसाठीची नभोवाणी. तेव्हा आमचा एक छंद होता. परदेशी स्टेशन ऐकलं की वेळ, मीटर, आवाज किती स्वच्छ याचा अहवाल पाठवायचा, स्टेशनवाले पोच म्हणून क्यूएसएल कार्ड पाठवायचे. पण खरंच ऐकलं याचा पुरावा म्हणून कार्यक्रमात काय होतं ते लिहावं लागे, नाहीतर कुणीही वेळापत्रक बघून पत्र टाकेल.

मला फ्रेंचचा गंध नाही. मी मोडक्या इंग्रजीत लिहिलं: '७:३२ पुरुष बोलतो. ७:३५ बाई बोलते, हसते. ७:३६ गाणं, बाई, सोबत अकॉर्डियन. ७:३९ आवाज गेला, घरात मिक्सर सुरू.' शेवटचं वाक्य खरंच लिहिलं होतं, प्रामाणिकपणा म्हणून. पत्ता होता ११६, प्रेसिडेंट केनेडी अव्हेन्यू, पॅरिस. तिकिटाला बाबांचे पैसे.

चार महिन्यांनी कार्ड आलं. पोस्टमनकाका सायकल टेकवून आत आले, पाणी प्यायले आणि "तिकीट काढून माझ्या पोराला दे" म्हणाले. तिकीट दिलं. कार्ड अजून माझ्या कपाटात आहे.

तुमच्या गाण्याचं मात्र काही सांगता येत नाही. माझ्या लेखी सगळीच 'बाई, सोबत गिटार'.

निशिगंधा (सोमवार, रात्री १०:५०)

मिक्सर :) :) वाचनखूण साठवली.

तिरसट (मंगळवार, सकाळी ७:०५)

एक कळत नाही. भाषा येत नाही, शब्द कळत नाहीत, तर नुसतं काय ऐकायचं? आणि ऐकायचंच तर यूट्यूब आहे, हवं ते गाणं हव्या त्या वेळी. रेडिओ ही संपलेली गोष्ट. संपावर जाणाऱ्या सरकारी नोकरांकडून गाणी कसली ऐकता? हलके घ्या.

ल्योंवाली (मंगळवार, दुपारी १२:४०)

तिरसटकाका, तुम्हाला नंतर. आधी सुमेधा.

मी फ्रान्समधल्या ल्योंला १२ वर्षं आहे. तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुझ्या फोनमध्येच आहे. फिपच्या मुख्य लहरीशिवाय त्यांच्या वेगवेगळ्या प्रकारांच्या इंटरनेट-लहरी आहेत: रॉक, जॅझ, ग्रूव्ह, जगभरचं संगीत, नवीन गाणी वगैरे. त्यात एक आहे 'साक्रे फ्राँसे'. तिथे फ्रेंचच गाणी. नावात गंमत आहे. 'साक्रे' म्हणजे पवित्रही आणि लाडाने किंवा वैतागून म्हणतात तसं 'मेला' सुद्धा. 'मेले फ्रेंच!' असं काहीसं. रेडिओ फ्रान्सच्या अ‍ॅपमध्ये फिपच्या पानावर खाली सरक, सापडेल. जाहिरात एकही नाही.

दुसरं, 'इसी'. आधी त्याचं नाव फ्रान्स ब्ल्यू होतं, २०२५ च्या जानेवारीत बदललं. ४४ स्थानिक केंद्रं आहेत. गावगप्पा, रस्त्यावरची कोंडी, रविवारचा बाजार आणि मध्ये भरपूर फ्रेंच गाणी. पुणे केंद्र आणि विविध भारती एकत्र कालवलं तर जे होईल ते. कान तयार करायचा असेल तर फिपपेक्षा हे चांगलं, कारण फिपवर बोलतातच किती! आणि 'आमच्या वेळची गाणी' हवी असतील तर नोस्ताल्जी. हे खाजगी, जाहिरातींचा मारा आहे, पण स्टेशन आमच्या ल्योंचं, १९८३ चं, म्हणून माझा जीव.

शिकणाऱ्यांसाठी आरएफआयचं सोप्या फ्रेंचमधलं दहा मिनिटांचं बातमीपत्र असतं. तेही लाव. गाण्यातलं फ्रेंच बोलून तू बेकरीत ब्रेड मागशील तर लोक वळून बघतील. स्वानुभव.

रच्याकने, 'ग्रेव्ह' शब्दाची गोष्ट. पॅरिसच्या नगरपालिकेसमोर नदीकाठी वाळू-गोट्यांचं मैदान होतं, त्याचं नाव प्लास द ग्रेव्ह. काम शोधणारे मजूर तिथे उभे राहायचे. आपल्याकडे मजूर अड्डा असतो तसं. त्यावरून काम नसणं, काम थांबवणं म्हणजे ग्रेव्ह. तू ऐकलास तो संप २९९ पदं कमी करायच्या बेताविरुद्ध होता. इकडे फ्रेंच शिकताना हा शब्द पहिल्या आठवड्यात येतो, धड्यात नसला तरी रेल्वे स्टेशनवर येतो.

लहरखोर (मंगळवार, रात्री ९:१५)

तिरसटराव, शब्द न कळता काय ऐकायचं म्हणालात. मिरजेला धारवाड केंद्र पुण्यापेक्षा स्वच्छ लागायचं. आमच्या घरात कन्नड कुणाला येत होतं? पण सकाळची पदं आजी डोलत ऐकायची.

आणि सरकारी रेडिओचं म्हणाल तर फ्रेंच पॉप वाढलं ते सरकारी रेडिओच्या कुंपणाबाहेर. हे जरा सविस्तर लिहितो, कारण आपली गोष्ट आणि त्यांची गोष्ट जुळ्या बहिणींसारखी आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्समध्ये नभोवाणी फक्त सरकारची. खाजगी माणसाला फ्रान्सच्या भूमीवर ट्रान्समीटर उभा करायला बंदी. मग लोकांनी काय केलं, ट्रान्समीटर सीमेपलीकडे नेले. लक्झेंबर्ग, मोनाको, अँडोरा. युरोप-१ ची तर कमाल. १९५५ साली सुरू झालं तेव्हा स्टुडिओ पॅरिसच्या मध्यवस्तीत आणि मनोरा जर्मन हद्दीला लागून झारलँडमध्ये. कार्यक्रम फोनच्या तारेवरून सीमेपार जायचा आणि लाँगवेव्हवर बसून परत फ्रान्सच्या घराघरात यायचा. यांना म्हणतच 'परिघावरची स्टेशनं'.

याच युरोप-१ वर १९५९ मध्ये दानिएल फिलिपाचीने शाळा सुटायच्या वेळेला, संध्याकाळी ५ ते ७, 'साल्यू ले कोपाँ' सुरू केलं. म्हणजे 'काय रे दोस्तांनो!' तोवर घरात एकच मोठा रेडिओ, त्याचं बटण वडलांच्या हातात. आता ट्रान्झिस्टर आला होता, पोरं तो खोलीत घेऊन जायची. जॉनी हालिदे, सिल्व्ही व्हार्ताँ, फ्राँस्वाझ आर्दी ही सगळी गाणारी मंडळी त्या दोन तासांनी घरोघरी नेली. १९६३ च्या जूनमध्ये त्याच नावाच्या मासिकाच्या पहिल्या वाढदिवसाला पॅरिसच्या नासिओं चौकात फुकट गाणी ठेवली, काही हजार येतील म्हणून. आले दीड लाखाच्या आसपास. वर्तमानपत्रं हादरली. एद्गार मोराँ या समाजशास्त्रज्ञाने त्यावर 'ल मोंद'मध्ये लिहिताना या गाण्यांना 'ये-ये' म्हटलं, ते नाव चिकटलं.

आता आपल्याकडे या. १९५२ मध्ये नभोवाणी मंत्री बाळकृष्ण केसकर यांनी आकाशवाणीवरची फिल्मी गाणी आटवली. लोक कुठे गेले? समुद्रापलीकडे, रेडिओ सिलोनवर. बुधवारी रात्री ८ ला अमीन सायानी आणि बिनाका गीतमाला. सरकारला शहाणपण सुचून विविध भारती आली ती ३ ऑक्टोबर १९५७ ला. लक्झेंबर्गच्या जागी कोलंबो घाला, गोष्ट तीच. आणि गंमत बघा, हे केसकर पुण्यात जन्मलेले, आणि शिकलेले पॅरिसला.

निशिगंधा (मंगळवार, रात्री ९:४०)

दंडवत. यावर वेगळा लेख येऊ द्या.

समुद्रपक्षी (मंगळवार, रात्री ११:५५)

फिपचं नाव बघून लॉगिन झालो. आयडी आहे हेच विसरलो होतो.

२००५-०६ ला मी ब्रायटनला एमएससी करत होतो. इंग्लंडचा दक्षिण किनारा, समोर खाडी, पलीकडे फ्रान्स. खोलीतल्या जुन्या रेडिओवर एफएम फिरवताना फ्रेंच स्टेशन लागलं. वाटलं, समुद्रावरून लहरी येत असतील, थंडीत येतात कधीकधी. पण रोज? आणि इतकं स्वच्छ? कॅफेत गेलो तर तेच, सायकलच्या दुकानात तेच. दुकानदाराला विचारलं, तर नुसता हसला.

नंतर कळलं, गावातला कुणी एक चाहता फिपचा कार्यक्रम उचलून आपल्या ट्रान्समीटरवरून अख्ख्या ब्रायटनला ऐकवत होता. परवाना वगैरे काही नाही. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून चालू होतं. ना स्वतःची जाहिरात, ना स्वतःचा आवाज. गाववाल्यांना इतकं आवडलं की 'व्हिव्ह ला फिप' नावाने नाचगाण्याच्या रात्री भरायच्या. पॅरिसमधल्या कोंडीची खबर ब्रायटनचे लोक ऐकायचे आणि खूश व्हायचे, कारण त्यात आपण अडकलेलो नाही!

२००७ मध्ये सरकारी लोकांनी धाड घालून यंत्र उचललं. मी तेव्हा परत आलो होतो, बातमी वाचून वाईट वाटलं. शेजारच्या देशाचा सरकारी रेडिओ चोरून, तोही फुकट वाटण्यासाठी लावणारा चाच्या दुसरा ऐकला नाही.

त्या बायकांचे आवाज हेच फिपचं खरं. १९७१ मध्ये ज्याँ गारेत्तो आणि पिएर कोदू यांनी सुरू केलं तेव्हा कल्पना एवढीच होती की गाडीत अडकलेल्या पॅरिसकराला शांत गाणी द्यायची आणि कुठला रस्ता तुंबलाय ते कानाशी बोलल्यासारखं सांगायचं. फिप म्हणजे 'फ्रान्स आँतेर पारी'ची आद्याक्षरं. इतक्या हळू बोलायच्या की कोंडीसुद्धा बातमी न वाटता निरोप वाटायची.

गॅरेजवाला (बुधवार, सकाळी ८:३०)

तांत्रिक बाजू, कारण हा प्रश्न खरडवहीत तिघांनी विचारला:

डेटा किती जातो? १२८ केबीपीएसच्या प्रवाहाला तासाला साधारण ५८ एमबी. रोज चार तास ऐकलं तरी पाव जीबीच्या आत. व्हिडिओ लावून फोन पालथा ठेवणाऱ्यांनी हिशोब करावा.

काही खाजगी स्टेशनं हक्कांच्या भानगडीमुळे देशाबाहेर बंद ठेवतात. अ‍ॅपवर गोल गोल फिरत राहिलं तर स्टेशनच्या साइटवर थेट प्रवाहाचा पत्ता शोधा आणि व्हीएलसी प्लेअरमध्ये डकवा, बऱ्याचदा लागतं. नुसतं भटकायचं असेल तर रेडिओ गार्डन. पृथ्वीचा गोळा फिरवा, ठिपक्यावर बोट ठेवा, तिथलं स्टेशन सुरू. ब्रिटनमध्ये मात्र त्यावर परदेशी स्टेशनं अडवलीत.

मी जुना फोन स्पीकरला कायमचा जोडून फळीवर ठेवलाय. सिमकार्ड नाही, वायफायवर चालतो. पोरं त्याला 'रेडिओ'च म्हणतात.

तिरसट (बुधवार, सकाळी ९:१०)

लहरखोर, माहिती चांगली. पण बाहेरच्या स्टेशनांनी पॉप वाढवलं म्हणता, मग पुढे कायदा करून गाणी का लावायला लागली? फ्रान्समध्ये फ्रेंच गाण्यांची सक्ती आहे असं वाचलंय. ज्याला सक्ती लागते ते प्रेम कसलं?

ल्योंवाली (बुधवार, दुपारी १:२०)

काका, आता तुमची पाळी :)

सक्ती आहे. कायदा १९९४ चा, लागू १ जानेवारी १९९६ पासून. त्यात पॉप वाजवणाऱ्या स्टेशनांना ४० टक्के गाणी फ्रेंच भाषेतली लावणं बंधनकारक झालं, आणि त्यातली निम्मी नवोदितांची किंवा नवीन निघालेली. कारण काय, तर १९८१-८२ ला सरकारी मक्तेदारी उठली, खाजगी एफएमचा पूर आला आणि दहा वर्षांत सगळीकडे अमेरिकन गाणी. कायदा करणारेही पक्के. लोक ऐकतात त्याच वेळांत हे प्रमाण मोजायचं असं लिहून ठेवलं, नाहीतर स्टेशनवाल्यांनी फ्रेंच गाण्यांचा कोटा रात्री तीन वाजता उरकला असता. पुढे तीच दहा गाणी घासून कोटा भरायला लागले, तर २०१६ मध्ये त्यालाही चाप लावला.

आता निकाल बघा. म्हातारे मंत्री आपल्या तरुणपणचं गोड गाणं वाचवायला गेले आणि फायदा झाला रॅपवाल्यांना! फ्रेंचमधलं नवीन, तरुण पोरं ऐकतील असं काय होतं? रॅप. स्कायरॉकसारखं स्टेशन त्यावरच उभं राहिलं. उलट आपलेच फ्रेंच बँड इंग्रजीत गायले तर ते फ्रेंच म्हणून मोजले जात नाहीत. त्यावरून अजून कुरकुर चालते.

माझ्या लेकीच्या कानात दिवसभर आया नाकामुरा असते. जन्म मालीतल्या बामाकोचा, वाढली पॅरिसच्या उपनगरात. २०२४ च्या ऑलिंपिकच्या उद्घाटनात तिने गावं की नाही यावर आधी काय गदारोळ! आणि मग गायली ती कुठे, तर पाँ दे झार पुलावर, म्हणजे भाषेची पहारेकरीण असलेल्या फ्रेंच अकादमीच्या दारात. मागे प्रजासत्ताकाच्या गार्डचा बँड गणवेशात. तिच्या गाण्यातलं मला निम्मं कळत नाही, कारण त्यात व्हेर्लां असतं, शब्द उलटे फिरवायचे. 'फाम' म्हणजे बाई, तिची 'मफ' होते. 'फू' म्हणजे वेडा, त्याचा 'ऊफ'. आपण शाळेत चची भाषा बोलायचो ना बाईंना कळू नये म्हणून, तोच प्रकार, फक्त हे डिक्शनरीत जाऊन बसलेत.

माँट्रियलकर (बुधवार, रात्री ८:१५)

सक्तीचा विषय निघालाच आहे तर आमच्याकडे या. कॅनडातल्या फ्रेंच बोलणाऱ्या क्वेबेकात फ्रेंच पॉप स्टेशनांना ६५ टक्के. सोमवार ते शुक्रवार सकाळी ६ ते संध्याकाळी ६ या वेळात किमान ५५. पळवाटाही इथल्याच. इंग्रजी गाण्यांचे तुकडे सलग जोडून एक लांबलचक 'मोंताज' करायचा, मोजताना ते एकच गाणं! त्यावरून नियामकाकडे तक्रारी झाल्या.

पण तिरसटकाकांच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे वेगळं आहे. २०२३ च्या नोव्हेंबरात 'काउबॉय फ्रँगाँ' या बँडचा गायक कार्ल त्राँब्ले गेला, कॅन्सरने. या मंडळींचं नाव मी इथे येईपर्यंत ऐकलं नव्हतं, फ्रेंच शिकलेल्या माझ्या बायकोनेही नाही. त्या दिवशी सकाळी मुलांना शाळेत सोडताना रेडिओ लावला तर ज्या स्टेशनवर जावं तिथे तोच. सिग्नलला शेजारच्या गाडीतला माणूस स्टिअरिंगवर डोकं टेकून रडत होता आणि त्याच्याही गाडीत तेच गाणं, माझ्या गाडीपेक्षा एक सेकंद मागे. सरकारने त्याला राष्ट्रीय सन्मानाने निरोप दिला, तोही हॉकीच्या मैदानात. हे कोट्याने होत नाही. पण कोटा नसता तर त्याची गाणी इतकी वर्षं रोज लागली असती का, हेही आहेच.

सुमेधा, क्वेबेकची गाणी ऐकायची असतील तर रेडिओ-कॅनडाचं 'इसी म्युझिक'. वर ल्योंवाली म्हणतेय ते 'इसी' वेगळं. दोघांनाही नाव सुचेना बहुतेक. आणि हो, इथले उच्चार ऐकून तुझे उरलेसुरले ९२ मार्कही जातील.

निशिगंधा (बुधवार, रात्री ९:००)

मुंबई-पुण्याच्या एफएमवर मराठी गाणी किती लागतात हा विषय काढू नये ही विनंती. धागा चांगला चाललाय.

तिरसट (बुधवार, रात्री ९:०६)

मी तोच काढणार होतो.

लहरखोर (बुधवार, रात्री ९:५०)

अवांतर: वर मी अकॉर्डियन अकॉर्डियन करतोय, पण आपली पेटीसुद्धा पॅरिसचीच. हार्मोनियमचं पेटंट अलेक्सांद्र दबँने १८४२ मध्ये तिथे घेतलं. तिकडून पायपेटी इकडे आली, आपण तिला मांडीशी बसवली. १९४० मध्ये आकाशवाणीने तिच्यावर 'परकी' म्हणून बंदी घातली, ती सैल व्हायला १९७१ उजाडलं. फिपचा जन्मही १९७१ चाच! निव्वळ योगायोग, पण मला असल्या गोष्टी जुळवत बसायला आवडतं. बायको म्हणते याला निवृत्ती म्हणतात.

आणखी एक, रेडिओवेड्यांसाठी. ज्या लाँगवेव्हवर हे सगळं घडलं ती आता शांत आहे. फ्रान्स आँतेरचे कार्यक्रम १६२ किलोहर्ट्झवरून २०१६ च्या अखेरीला बंद झाले, युरोप-१ चे २०१९ च्या अखेरीला, २०२३ उजाडताना लक्झेंबर्गचे. फ्रान्स आँतेरचा आलुई गावातला मनोरा मात्र अजून लहर सोडतो. तिच्यावर ना गाणं ना बोलणं, नुसती अचूक वेळ, घड्याळांसाठी.

पेडण्याचो (गुरुवार, सकाळी ६:४५)

सगळे पॅरिस आणि कॅनडा फिरून आले, पण बाईंचं गाणं कुणी शोधलंच नाही!

सुमेधाताई, तुम्हाला ऐकू आलं ते 'सोदा' नसून 'सोदाद' असणार. हा शब्द आम्हा गोंयकारांना झोपेतून उठवून विचारा. पोर्तुगीज 'सावदाद'. गावाची, माणसाची, गेलेल्या दिवसांची ओढ. आमच्या आजोबांच्या मांडो-गाण्यांत पानोपानी सापडतो. आणि 'सोदाद' असा उच्चार करणारे म्हणजे आफ्रिकेजवळच्या केप व्हर्दे बेटांवरचे लोक. थकलेला, खालच्या पट्टीतला बाईचा आवाज, गिटार… सेझारिया एव्होरा तर नव्हे? साओ तोमेच्या मळ्यांवर मजुरीला गेलेल्यांचं तिचं एक गाणं आहे, त्यात हाच शब्द परत परत येतो.

आणि एक विचारतो. फ्रान्समध्ये ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे करतात. तुम्ही गाणं ऐकलंत ते त्याच रविवारी रात्री ना? मग साडेतीन तास नाही, साडेचार.

सुमेधा_कोथरूड (गुरुवार, सकाळी ९:३०)

पेडण्याचो, साष्टांग!

रविवारची संध्याकाळ, ७:१० च्या जागी गेले. ७:०८ ला सेझारिया एव्होरा. लावलं. तेच. डबे घासायची घासणी पुन्हा हातात आल्यासारखी वाटली.

म्हणजे फ्रेंच रेडिओ फ्रेंच शिकायला लावायचा, त्यावर मनात घर करून बसलेलं गाणं फ्रेंच नाहीच, आणि हे मला ९२ मार्क असून चार दिवस कळलं नाही. क्लासच्या बाईंना कृपया कुणी सांगू नका.

ल्योंवाली (गुरुवार, दुपारी १२:१०)

अगं, तू अगदीच काही चुकली नाहीस. तिचं गाणं जगभर पोचलं ते पॅरिसच्या वाटेनेच. जिने तिच्या रेकॉर्डी काढल्या ती कंपनी पॅरिसची, आणि १९९२ च्या अल्बमने तिला नाव मिळालं तेही आधी इथेच. तोवर ती पन्नाशीला आलेली, केप व्हर्देतल्या मिंदेलोच्या बारमध्ये गाणारी बाई होती. स्टेजवर अनवाणी गायची. फिप तिला पाहुणी समजत नाही, घरचीच समजतो.

तिरसट (गुरुवार, संध्याकाळी ६:४०)

ते साक्रे फ्राँसे दुपारी लावून बघितलं होतं. सहज. बंद करायचं राहून गेलं.

२:५० ला एका माणसाचं गाणं लागलं, पियानोवर, मध्ये नुसता बोलतो आणि शेवटी हसतो. कोण तो?

सुमेधा_कोथरूड (गुरुवार, संध्याकाळी ६:५२)

साडेचार तास वजा करा काका. १०:२० ला बघा.